माझा मासा शुद्ध शाकाहारी!

'घरात नॉनव्हेज चालणार नाही,' ही अट मी फ्लॅट भाड्याने घेतानाच मान्य केली होती. कोथरूडमध्ये एकट्या मुलीला धड जागा मिळत असेल, तर ती काहीही मान्य करते. अंडं ऑफिसच्या कँटीनमध्ये, चिकन मैत्रिणीकडे. सगळं सेट होतं. मग मी दोन फुटी फिशटँक आणला, त्यात सहा ब्लॅक मोली सोडल्या आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या घरमालकीण काकू बघायला आल्या. पाच मिनिटं कौतुक झालं. मग प्रश्न आला.

"गोड आहेत गं. पण यांना तू घालतेस काय?"

घ्या! हा विचार मी केलाच नव्हता.

दुकानदाराने टँकसोबत लाल दाण्यांची एक पिशवी हातात ठेवली होती. लेबल नाही, तारीख नाही, वर नुसती स्टेपलरची पिन. "सगळे मासे खातात मॅडम, कलर पण येतो." आणि मोली खातही होत्या, वडापावच्या गाडीवर पब्लिक तुटून पडतं तशा. मीही दिवसातून चार-चार वेळा चिमूट सोडायचे. ऑफिसमधून थकून आल्यावर त्या काचेपाशी गर्दी करायच्या. तेवढंच कुणीतरी आपली वाट बघतंय! तिसऱ्या आठवड्यात दोघींची पोटं फुगली. मागे पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा लोंबायला लागली आणि चार दिवसांत दोघीही गेल्या.

फक्त खाण्यामुळेच गेल्या, असं छातीठोकपणे म्हणणार नाही. टँक नवा होता, उरलेलं खाणं तळाशी कुजत होतं आणि त्यातून पाण्यात अमोनिया वाढतो, हे मला नंतर कळलं. पण आपण जे घालतोय ते नक्की काय आहे, हेच माहीत नसावं? स्वतःच्या बिस्किटाच्या पुड्यावरच्या कॅलरी मोजणारी मी! जाम अपराधी वाटलं.

मग अभ्यास केला. मोली निसर्गात दगडांवरचं, पानांवरचं शेवाळ दिवसभर खुडत फिरते. मधूनमधून एखादी डासाची अळीही गट्टम करते, पण मुख्य जेवण हिरवं. अशा माशांचं आतडं लांबलचक असतं, कारण पालापाचोळा पचायला वेळ लागतो. म्हणून त्यांना थोडं-थोडं आणि वनस्पतींचा भरपूर अंश असलेलं खाणं लागतं. प्लॅटी, सिल्व्हर डॉलर हेही याच पंगतीतले. आफ्रिकेच्या मलावी तलावातले म्बुना सिक्लिड तर खडकांवरचं शेवाळ खरवडूनच जगतात. त्यांना सतत जड, मांसाहारी खाणं घातलं तर पोट फुगण्याच्या आजाराचा धोका वाढतो. गोल्डफिशची तर वेगळीच गंमत. त्याला खरं जठरच नसतं, म्हणजे एका वेळी भरपूर कोंबण्यात काही अर्थच नाही.

तर मी 'व्हेज' फ्लेक्स आणायला गेले. दुकानात हिरव्या झाकणांची रांगच होती. एकावर 'स्पिरुलिना' असं मोठ्ठं लिहिलेलं. डबा उलटा केला, बारीक अक्षरं वाचली. पहिला घटक: फिश मील. दुसरा: गव्हाचं पीठ. स्पिरुलिना कुठे? खाली, रंग आणि प्रिझर्व्हेटिव्हच्या शेजारी अंग चोरून बसलेलं. घटकांची यादी साधारणपणे जास्तीकडून कमीकडे जाते, त्यामुळे झाकणाच्या रंगापेक्षा पहिली तीन-चार नावं बघा. त्यांत स्पिरुलिना, इतर शेवाळ, पालक, वाटाणा अशी काही मंडळी हवीत. नुसतं पीठ आणि सोया असेल तर तेही 'प्लांट बेस्ड'च, पण ती मोलीची भाजी नव्हे, मैद्याची पोळी झाली. प्रोटीनच्या टक्केवारीवरही फार जाऊ नका. आकडा कळतो, प्रोटीन कशातून आलं ते कळत नाही.

स्पिरुलिनाची मात्र मी फॅन झाले. बोलताना आपण शेवाळ म्हणतो, पण शास्त्रज्ञांच्या लेखी तो सायनोबॅक्टेरिया. वाळवल्यावर निम्म्याहून अधिक प्रोटीनच, आणि सेल्युलोजची जाड भिंत नसल्याने पचायला सोपा. आपल्या लोणारच्या खाऱ्या सरोवराला जी हिरवी झाक असते, तीही याच्याच भाईबंदांची. (हेच सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी होऊन बातम्यांत झळकलं होतं.)

शेवटी एक डबा मिळाला. पहिल्या चारांत स्पिरुलिना आणि पालक, पण फिश मील थोडं होतंच. त्याशिवायचे फ्लेक्स मला त्या दुकानात सापडलेच नाहीत. मोलीला तेवढं चालतं. मी सगळ्यात छोटा डबा घेतला. मोठा स्वस्त पडतो, पण एकदा उघडला की हवेने व्हिटॅमिन सी उडत जातं, आणि पुण्याच्या पावसाळ्यात फ्लेक्स सादळायला कितीसा वेळ लागतो? दीड-दोन महिन्यांत संपेल एवढाच घ्यावा, आणि ओली बोटं डब्यात घालू नयेत. आता दोनदाच घालते, दोन मिनिटांत फस्त होईल एवढं.

इथे एक वॉर्निंग. हे वाचून उत्साहाच्या भरात डेस्कवरच्या फायटरला शाकाहारी करू नका! माझ्या एका शाकाहारी सहकाऱ्याने तो प्रयोग केला. फायटर फ्लेक तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. तो पडला किडे आणि अळ्या खाणारा, त्याचं तोंडच वर वळलेलं, पाण्याच्या पृष्ठभागावरचं टिपायला. आपली तत्त्वं आपल्या ताटात ठेवावीत. तळाशी फिरणाऱ्या सकर फिशलाही तरंगणारे फ्लेक्स फारसे मिळत नाहीत. त्याला बुडणाऱ्या गोळ्या किंवा उकडलेल्या दुधीची चकती द्या, आणि दुसऱ्या दिवशी उरलेली काढून टाका.

राहिल्या काकू. डब्यावरचं हिरवं पान दाखवून वेळ मारून नेता आली असती. दोन दिवस मनात तोच प्लॅन होता. मग वाटलं, दुकानदाराने पिशवीवर लेबल न लावता मला जे केलं, तेच मी करणार का? डबा घेऊन खाली गेले आणि घटक वाचून दाखवले, फिश मीलसकट. मनातल्या मनात नवीन फ्लॅटचं डिपॉझिट मोजत होते.

काकूंनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं. "मासा माशाचं खाईल, त्याला मी काय बोलणार? डबा तेवढा ओट्यावर ठेवू नकोस."

संध्याकाळी त्या वर आल्या, हातात वाटी. चार वाटाणे, उकडून, सालं काढून, बोटांनी चुरडलेले. "मीठ नाही घातलं," त्या म्हणाल्या आणि टँकसमोर खुर्ची ओढून बसल्या.