घरच्या पापडाचा अध्याहृत कर्ता

फाल्गुन सरत आला, उन्हे तापू लागली, की मराठी घरांतून एक वाक्य दरवर्षी ऐकू येते : ‘घरी केलेले स्वस्त पडते.’ पापड, कुरडया, सांडगे, वर्षाचे तिखट, लोणची, मेतकूट या साऱ्यांच्या बाबतीत ते बोलले जाते आणि सहसा कोणी त्याला हरकत घेत नाही. आमच्यापैकी बहुतेक जण मराठी शिकवणारे किंवा शिकणारे आहेत. त्यामुळे या वाक्यातील हिशेबाआधी आम्हांला त्याचे व्याकरण खटकते. ‘केलेले’ हे धातुसाधित विशेषण. करणाऱ्याचे नाव न घेता क्रिया पूर्ण झाल्याचे ते सांगते. ‘घरी’ हे स्थळ. जणू करणारे घरच आहे. आणि ‘पडते’ तर अकर्मक : पाऊस पडावा तशी किंमत आपोआप खाली पडते. तीन-चार शब्दांच्या या वाक्यात कोणी केले, किती वेळ केले, या प्रश्नांना जागाच उरलेली नाही. कर्ता अध्याहृत आहे. आमचे म्हणणे एवढेच, की घरी केल्याने होणारी ‘बचत’ बव्हंशी या अध्याहृत कर्त्याच्या श्रमाचेच दुसरे नाव आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी तरी हा कर्ता वाक्यात परत आणला पाहिजे.

ही व्याकरणाची सवय पाककृतींच्या पुस्तकांनी पक्की केली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 साली प्रसिद्ध झाले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 साली. दोन्ही ग्रंथ मोलाचे आहेत आणि दोन्ही स्त्रियांनी लिहिलेले आहेत. ‘रुचिरा’ने तर वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे वापरून नवशिक्या मुलींना स्वयंपाकघरात उभे राहण्याचा धीर दिला. पण मराठी पाककृतीचे रूढ क्रियापद विध्यर्थी असते : डाळ भिजत घालावी, बारीक वाटावी, उन्हात वाळवावी. इथेही कर्ता गाळलेलाच. डाळ किती, हिंग किती, तेल किती, हे काटेकोर सांगितले जाते. वाटणाऱ्या हातांचे प्रमाण मात्र साहित्याच्या यादीत येत नाही. यात लेखिकांचा दोष नाही. ज्या गृहिणीसाठी त्या लिहीत होत्या, तिचा वेळ हा वाण्याकडून आणायचा जिन्नस नव्हता. तो घरात होताच, हवेसारखा.

आता कुरडईचे वाक्य कर्त्यासह लिहून पाहू. बाई गहू निवडते आणि भिजत घालते. तीन दिवस ती त्यांचे पाणी रोज बदलते. चौथ्या दिवशी ती गहू वाटते, पिळून आणि गाळून त्यांचा चीक काढते, तो रात्रभर निवत ठेवते. पहाटे उठून वरचे निवळ पाणी ती ओतून टाकते, आधणात चीक घालून गुठळी होऊ न देता हाटते आणि तो गरम आहे तोवरच सोऱ्यात भरून कुरडया घालते, कारण निवलेला चीक सोऱ्यातून नीट उतरत नाही. मग ऊन चढते. दुपारी ती कुरडया उलटते, पाखरांपासून राखते, संध्याकाळी आत घेते, दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर काढते. या मजकुरात नवीन माहिती काहीही नाही; फक्त ‘घालावे’च्या जागी ‘घालते’ आले आहे. तेवढ्यानेच मजकुराचा स्वभाव बदलतो. पाककृतीचा दिनक्रम होतो.

हिशेबही मग वेगळा दिसू लागतो. समजा, एका घरात उडदाचे पापड करायचे ठरले. डाळ, पापडखार, हिंग, मिरी, तेल असा सगळा खर्च धरून तेवढ्याच वजनाच्या विकतच्या पापडांपेक्षा दीडशे रुपये कमी लागले. पीठ घट्ट भिजवणे, तेलाचा हात लावून ते कुटणे, लाट्या करणे, पापड लाटणे, वाळवणे या कामांत दोन बायकांचे प्रत्येकी पाच तास गेले. म्हणजे दहा तासांना दीडशे रुपये, तासाला पंधरा. हे आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनी आपापल्या घरचे घालून पाहावेत. उत्तर बदलेल, पण गणिताची रीत बदलणार नाही. जे दीडशे रुपये ‘वाचले’ ते कुठून तरी आले आहेत आणि ते त्या दहा तासांतून आले आहेत. भाषेने त्यांना बचत म्हटले म्हणून त्यांचे कमाईपण लपले. बचतीला मालक लागत नाही, ती घराची असते. कमाई मात्र कोणाची तरी असते.

हेच काम उंबरठा ओलांडते तेव्हा काय होते, याचे उदाहरण मुंबईनेच घालून दिले आहे. 1959 साली गिरगावात सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. तिथे पापड लाटणारी प्रत्येक सभासद संस्थेची भागीदार मानली जाते, आणि घरी नेलेल्या पिठाचे पापड लाटून आणले की लाटण्याची मजुरी तिच्या हाती पडते. लाटणे तेच, पोळपाट तोच, पुष्कळदा घरही तेच. फरक एवढाच, की एका पापडाच्या किमतीत हाताचे मोल धरलेले असते आणि दुसऱ्याच्या किमतीत ते शून्य असते. घरचा पापड ‘स्वस्त’ पडतो तो या शून्यामुळे.

राज्यसंस्थेचे व्याकरणही घरच्याहून फारसे निराळे नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगारविषयक नोंदींत केवळ घरकाम करणाऱ्यांना 92 हा संकेतांक मिळतो. घरकामाबरोबर घरासाठी सरपण गोळा करणे, शिवणकाम यांसारखी कामे करणाऱ्यांना 93. दोन्ही संकेतांक श्रमशक्तीच्या बाहेरचे. दुसरीकडे 2019 सालच्या वेळ-वापर पाहणीचा निष्कर्ष असा, की घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जातात आणि असे काम करणाऱ्या पुरुषांची 97. म्हणजे मिनिटे मोजली गेली, तरी काम श्रमाच्या रकान्यात बसले नाही. या श्रमाला रुपयांत मोल द्यायची वेळ न्यायालयांवर येते ती बहुधा अपघाती मृत्यूच्या नुकसानभरपाईत. जमशेदपूर येथील 1989 सालच्या अग्निकांडातून उद्भवलेल्या लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली गृहिणीच्या घरातील कामाचे मोल महिना 3,000 रुपये धरले. ती हयात असताना जो आकडा कोणी मांडत नाही, तो तिच्या पश्चात मांडावा लागतो, हे या हिशेबातले सर्वांत कठोर वाक्य आहे.

मराठी वाङ्मयात हा कर्ता अगदीच हरवला आहे, असे मात्र नाही. एक प्रकार असा आहे की जिथे तो ठणठणीत उपस्थित आहे : जात्यावरची ओवी. दळण ही घरी करायच्या कामांतली सर्वांत जुनी आणि सर्वांत जड गोष्ट, आणि नेमकी तिथेच बाई ‘मी’ म्हणून बोलते. माहेर, भाऊ, लेक, दुखणे, सासरचा जाच, विठ्ठल हे सारे ती दळता दळता स्वतःच्या तोंडाने सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या अशा लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्या वाचताना आपण प्रतिमा पाहतो, लय पाहतो, भक्ती पाहतो. खाली जाते फिरते आहे आणि ते कोणाच्या तरी खांद्याच्या बळावर फिरते आहे, हे वर्गात क्वचितच बोलले जाते. पिठाची गिरणी आली आणि ओवी मागे पडली, याची हळहळ साहित्याच्या अभ्यासकाला वाटणे स्वाभाविक आहे. पण जाते सुटले याचीही हळहळ दळणारीने करावी, असा आग्रह धरण्याचा अधिकार आपल्याला नाही. गिरणीवाल्याला दळणाचे पैसे द्यावे लागले, तेव्हाच त्या कामाला किंमत असते हे घराला पहिल्यांदा कळले.

यावर आक्षेप येतील, आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. पहिला गरजेचा. ज्या घरात दीडशे रुपये हा मोठा आकडा आहे, तिथे तासाच्या पंधरा रुपयांचा हिशेब मांडणे ही चैन वाटेल. 1972 नंतरच्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली मुंबईत स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, कारण घरातली काटकसर संपली होती. पण त्या लाटणे मोर्चाचा अर्थ आम्ही असा लावतो, की जे हत्यार घरात बिनमोल राबत होते, त्यानेच दराचा जाब विचारला. गरज असली म्हणून श्रम दिसेनासे होऊ नयेत, उलट तिथेच ते अधिक दिसले पाहिजेत.

दुसरा आक्षेप चवीचा, भेसळीच्या भीतीचा आणि सोबतीचा. गच्चीवर शेजारणी जमतात, ओल्या कुरडयांवर पोरे ताव मारतात, हातांबरोबर गप्पाही चालतात. हे सुख खोटे नाही. तसेच काही गोष्टी खरोखरच स्वस्त पडतात. रोजच्या दुधावरची साय साठवून, विरजून, लोणी काढून कढवलेले तूप घ्या : कच्चा माल नाहीतरी घरात येतोच आणि वेळ थोडा लागतो. म्हणून घरी काही करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. सुखासाठी करायचे तर त्याला सुख म्हणावे, चवीसाठी करायचे तर चव म्हणावी, आणि पैशासाठी करायचे तर त्यात कोणाचे किती तास गेले तेही त्याच कागदावर लिहावे. शिवाय सुख खरे असेल, तर त्यात पीठ कुटायला घरातल्या पुरुषांनीही हात लावायला हरकत नसावी.

मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रयोग ओळखायला शिकवताना आपण वाक्य देतो आणि कर्ता कोणता ते विचारतो. हा प्रश्न परीक्षेच्या बाहेरही नेता येईल. पाककृतीचे एखादे जुने पुस्तक, आजीची मसाल्याची वही, घरखर्चाची डायरी यांना पाठ्य मानून वाचावे, विध्यर्थाचे वर्तमानकाळात रूपांतर करावे आणि प्रत्येक क्रियापदाआधी करणारीचे नाव लिहावे. वहीच्या डाव्या बाजूला जिन्नस असतात, उजव्या बाजूला भाव. मधे एक रकाना आखायला जागा नेहमीच असते. त्यात तास लिहावेत, आणि मग ‘घरी केलेले स्वस्त पडते’ हे वाक्य पुन्हा म्हणून पाहावे.