मागचा धक्का

'पेटंट' हा शब्द आपण मराठी माणसांनी मोठ्या गमतीने वापरात आणला आहे. एखाद्या वक्त्याने दर सभेत तोच विनोद सांगितला, की आपण म्हणतो, "हा त्यांचा पेटंट विनोद!" भाजीत मीठ कमी पडले की आमच्या घरी माझे एक पेटंट वाक्य असते आणि त्यावर सौभाग्यवतींचे एक पेटंट उत्तर असते. म्हणजे जे शंभरदा झाले, ज्यात नवे काही उरले नाही, ते आपल्या लेखी पेटंट. कायद्याच्या लेखी नेमके उलटे. जे पूर्वी एकदाही झालेले नाही, तेच पेटंट! इतकी वर्षे मराठी शिकवूनही ही विसंगती माझ्या ध्यानी आली नव्हती. ती आणून दिली माझ्या भाच्याने, आणि तीही घोलवडला.

घोलवड म्हणजे पश्चिम रेल्वेवर डहाणू रोडच्या पुढचे स्टेशन. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. माझी धाकटी बहीण तिथे दिली आहे. तिच्या सासऱ्यांनी लावलेली लहानशी वाडी आहे, आणि तिच्या मुलाचे महामार्गाच्या बाजूला गॅरेज आहे. मुलगा आयटीआय झालेला, बोलायला कमी आणि हाताला हुशार. दिवाळीच्या सुटीत आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा चहाच्या आधी त्याने मला मागच्या पडवीत नेले आणि गोणपाट बाजूला सारून एक लोखंडी वस्तू दाखवली.

"मामा, हा बंपर. टेंपोच्या मागच्या बाजूला लावायचा."

दोन पोलादी पट्ट्या, त्यांच्यामध्ये स्प्रिंगा, स्प्रिंगांच्या शेजारी रबराचे जाड तुकडे. मागून कुणी ठोकरले तर धक्का बंपरने सोसायचा, हौद्यातल्या चिकूंनी नव्हे. गेल्या हिवाळ्यात चारोटीजवळ एका टेंपोला मागून गाडी लागली, तेव्हा एकही पेटी फुटली नव्हती म्हणे.

"आता याचं पेटंट घ्यायचं," बहीण आतून येत म्हणाली. "दादा, तू एम. ए. झालेला. तूच कागद बघ. एक जण सगळं करून देतो म्हणतो, पण पैसे फार सांगतो. रस्त्याकडचे चार गुंठे काढावेत, असं आमच्या मनात आहे."

मराठीच्या एम. ए. चा पेटंटाशी काय संबंध, हे विचारण्याची ती वेळ नव्हती. चार गुंठ्यांची गोष्ट होती. सुटीचे उरलेले दिवस मी कायदा वाचण्यात घालवले आणि आश्चर्य म्हणजे मला तो आवडला. शब्दाशब्दावर अडून बसण्याची सवय शेवटी कामी आली.

पहिला शोध लागला तो शब्दाचाच. पेटंटचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ 'उघडे'. राजाने सर्वांना वाचता यावे म्हणून उघडे ठेवलेले पत्र, ते पेटंट. तेव्हा पेटंट म्हणजे गुपित राखण्याची तिजोरी नव्हे. तो एक सौदा आहे. तुम्ही तुमची युक्ती खुलासेवार लिहून जगापुढे ठेवायची. त्या बदल्यात सरकार अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे इतरांना ती वापरू देत नाही. त्यानंतर ती सर्वांची. आपल्या देशात हा व्यवहार १८५६ पासून आहे. पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या इंजिनिअराचा होता, आणि तो होता पंखा ओढण्याच्या यंत्राचा! आजचा कायदा १९७० चा. तो १९७२ साली अमलात आला.

हा कायदा तीन प्रश्न विचारतो. वस्तू नवी आहे काय? तिच्यात शोधाचे पाऊल आहे काय, म्हणजे त्या धंद्यातल्या जाणकाराला जे सहज सुचले असते त्याच्या पुढे ती गेली आहे काय? आणि ती उद्योगात वापरता येईल काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चारोटीच्या टेंपोनेच दिले होते. अडचण पहिल्या दोहोंत होती.

दुसरा प्रश्न आधी घेतो. धक्का सोसणे म्हणजे काय, हे समजायला चिकूची पेटी पुरे. पेटीत कागद किंवा पेंढा का घालतात? तो दबतो, म्हणून फळ दबत नाही. हिशेब करून पाहा. हजार किलोची गाडी ताशी ८ किलोमीटर वेगाने आपटली आणि २ सेंटिमीटरांत थांबली, तर सरासरी साडेबारा टनांचा जोर लागतो. तीच १० सेंटिमीटरांत थांबली, तर अडीच टनांचा. थांबायला जागा दिली की जोर कमी होतो. साऱ्या बंपरविद्येचे सार एवढेच. मात्र त्यात एक खोच आहे. स्प्रिंग धक्का गिळत नाही. ती तो उसना घेते आणि लगेच परत करते. खरा गिळणारा म्हणजे चुरगळणारा तुकडा किंवा तेलाचे नळकांडे.

आणि हे सारे जगाला केव्हाचे ठाऊक आहे. अपघातात गाडीचे पुढचे-मागचे भाग चुरगळावेत आणि मधली माणसे वाचावीत, या कल्पनेच्या पेटंटासाठी मर्सिडीज-बेन्झच्या बेला बारेन्यी यांनी १९५१ साली अर्ज केला होता. १९५९ साली तशी गाडी रस्त्यावर आली. अमेरिकेत १९७३ पासून नव्या गाड्यांच्या बंपरांनी हलका धक्का सोसलाच पाहिजे, असा नियम झाला. म्हणजे आमच्या पडवीतल्या स्प्रिंगा आणि रबर दोन्ही जुनीच. आपला कायदा तर स्पष्टच सांगतो, की ठाऊक असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक वस्तू आपापले जुनेच काम करीत राहिली, तर तो शोध नव्हे.

इथे मला एक निकाल सापडला. तो प्रत्येक गृहिणीला कळेल, कारण तो भांड्यांचा आहे. पितळेची भांडी चरकावर धरून घासताना ती निसटून कामगारांना लागत. मिर्झापूरच्या एका कारखान्याने भांडे दोन्ही बाजूंनी घट्ट धरण्याची तऱ्हा काढली आणि पेटंट मिळवले. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर १९७८ रोजी ते रद्द ठरवले. तऱ्हा उपयोगी होती, त्याबद्दल वाद नव्हता. पण ती कारखान्यातली नेहमीची सुधारणा होती, शोध नव्हता. उपयोगी असणे वेगळे आणि नवे असणे वेगळे. वर्गात मी मुलांना हेच सांगतो, की मुखाला चंद्राची उपमा देणे चूक नाही, पण तेवढ्यावर कुणी कवी होत नाही.

मोठ्यांनाही हा प्रश्न चुकत नाही. आपल्या आकुर्डीच्या बजाज ऑटोने लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याच्या रचनेसाठी २००२ साली अर्ज केला; २००५ साली पेटंट मिळाले. २००७ साली टीव्हीएसशी वाद पेटला. दोन प्लग ही गोष्ट जुनीच आहे, असे टीव्हीएसचे म्हणणे. मद्रासच्या उच्च न्यायालयाने २००८ साली टीव्हीएसला मनाई केली, २००९ साली त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ती उठवली आणि सर्वोच्च न्यायालयाने खटला लवकर संपवा म्हणून बजावले. आपसांत तडजोड झाली ती २०१९ साली. पेटंटाच्या २० वर्षांपैकी १२ वर्षे भांडणात गेली! बजाजना वकील परवडतात. आमच्या पडवीला परवडतील काय?

आता पहिला प्रश्न: नवेपणाचा. मी भाच्याला विचारले, "हा बंपर तू कुणाला दाखवलास?"

तो खूश होऊन म्हणाला, "सगळ्यांना! अकरा टेंपोंना बसवून विकला. मोबाइलवर व्हिडिओ टाकला, तो लोकांना फार आवडला."

मी कपाळाला हात लावला. अर्ज करण्यापूर्वी वस्तू जगाला दाखवली, की तुमची स्वतःचीच वस्तू तुमच्या आड येते. सवलती आहेत, पण अरुंद. सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनात मांडली असेल तर १२ महिन्यांत अर्ज करता येतो. उघड्यावर करणे भागच होते म्हणून केवळ चाचणी घेतली असेल, तरी वर्षभर चालते. पण अकरा टेंपोंना विकणे ही चाचणी नव्हे, आणि व्हिडिओ तर नव्हेच नव्हे. पोराला मागून धक्का बसला, आणि तोही स्वतःच्याच गाडीचा.

बहिणीचा चेहरा उतरला. पण मला आणखी एक गोष्ट सांगणे भाग होते. पेटंट हा इतरांना अडवण्याचा हक्क आहे. वस्तू रस्त्यावर वापरण्याचा परवाना नव्हे. गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा फेरफार मोटार वाहन कायद्याला चालत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने गाड्यांना बाहेरून बसवलेल्या लोखंडी गार्डांवर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवले होते, ते याच कायद्याच्या आधारे. अशा वस्तूची रीतसर चाचणी पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या संस्थेत होते. ते दार वेगळे, आणि तिथला खर्चही वेगळा.

रात्री जेवणे झाल्यावर भाचा हळूच म्हणाला, "मामा, एक गोष्ट अजून कुणालाच दाखवलेली नाही." स्प्रिंगा काढून त्याने एक चुरगळणारी नळी बसवून पाहिली होती. ठोकर लागली की ती बाजाच्या पेटीच्या भात्यासारखी मिटते. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुनी पेटंटे फुकट शोधता येतात. आम्ही दोघे बारा वाजेपर्यंत शोधत बसलो. मिटणाऱ्या नळ्या जुन्या निघाल्या. परंतु मिटलेली नळी बंपर न उतरवता, रस्त्यातच, एका पान्याने बदलता येईल अशी जी खाच त्याने केली होती, तशी काही आम्हांला सापडली नाही. ती शोध ठरेल, की कारखान्यातली सुधारणा? ते तपासणारा अधिकारी ठरवील. पण विचारून पाहण्याजोगा प्रश्न तो आहे, आणि तो विचारायला चार गुंठे लागत नाहीत. आधी तात्पुरते वर्णन दाखल करून तारीख धरता येते. पुरे वर्णन द्यायला १२ महिने मिळतात. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आणि पुढे तपासणीच्या मागणीची ४,०००. जाणकाराकडून मसुदा करून घ्यायचा खर्च निराळा. पण तो चार ठिकाणी विचारून ठरवता येतो. आपल्या भागाचे कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे.

दुसऱ्या दिवशी निघताना बहिणीने चिकूची पेटी हातात दिली. पेटीवर 'डहाणू घोलवड चिकू' असे छापलेले होते. या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मी म्हटले, "बघ, चिकूला सरकारने मान दिला तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या जुनेपणासाठी, आणि तो इथल्या साऱ्या बागाईतदारांचा. बंपरला मान मिळेल तो नवेपणासाठी, आणि तो एकट्याचा, तोही २० वर्षांपुरता."

"आणि चार गुंठे?" तिने विचारले.

"ते चिकूकडेच राहू देत."

ती हसली. भाचा मात्र गंभीर होता. गाडी सुटताना तो खिडकीशी येऊन म्हणाला, "मामा, ती खाच तुम्ही कुणाला सांगू नका हं!"

मी शब्द दिला. म्हणूनच वाचकहो, ती खाच नेमकी कशी आहे हे मी इथे लिहिलेले नाही. अर्ज दाखल होईपर्यंत तुम्हीही विचारू नका.