मानधन कीं मानहानि?

मोहाडी तालुक्यांतील शेतकरी व कारागीर बंधूंनो, मायबहिणींनो, आमचा एक साधा सवाल आहे. धानाची रोवणी करणारी बाई दिवस मावळतां काय घेते? रोजी. आंधळगांवचा कोष्टी कोशाचें कापड विणून काय मागतो? मजुरी. मग तुमचीं लेंकरें तोलणारी अंगणवाडी सेविका, अडलेल्या लेकीला रात्रीं दवाखान्यांत पोंचविणारी आशाताई, शाळेंत पोरांचा भात शिजविणारी बाई, या काय घेतात? म्हणे मानधन!

या शब्दांतील मेख ओळखा. मजुरी म्हटली कीं किमान दराचा कायदा आला, रजा आली, म्हातारपणाची तरतूद आली. मानधन म्हटलें कीं देणारा दाता आणि घेणारी उपकृत! बलुत्यांत जातीची बेडी होती. तें गेलें तें बरेंच झालें. पण लोहार खळ्यावर उभा राहून 'माझा हक्क' म्हणूं शके. या बायांस तेंही म्हणण्याची सोय नाहीं.

आंकडे पाहा. अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झाली. त्रेचाळीस वर्षांनीं, २०१८ सालीं, केंद्रानें सेविकेचे महिना ३,००० रुपयांचे ४,५०० केले. शाळेंतील स्वयंपाकिणीस केंद्रानें २००९ सालीं महिना १,००० ठरविले, तेही वर्षांतून दहाच महिने. उन्हाळ्यांत तिला भूक लागत नसावी! राज्य सरकार भर घालतें, पण मोर्चे निघाल्यावर. आशा २००५ सालीं 'स्वयंसेविका' म्हणून नेमली. पगार नाहीं, कामागणिक मोबदला. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तिचा गौरव केला. गौरवानें चूल पेटते काय?

कोणी म्हणेल, काम थोड्या तासांचें. मग २०२० सालीं करोनाच्या सांथींत त्यांना घरोघर फिरवितांना कोणीं तास मोजले होते?

२५ एप्रिल २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गुजरातेंतील खटल्यांत निकाल दिला कीं, अंगणवाडी सेविकेचें मानधन हें वेतनच होय आणि ग्रॅच्युइटी हा तिचा हक्क आहे. न्यायालयास दिसलें तें सरकारी कचेऱ्यांस कां दिसूं नये?

कारण उघड आहे. बाई घरांत फुकट राबते, तेव्हां गांवांतही राबेल, हा हिशेब! तो आधीं आपल्या घरांत मोडा. मग ग्रामसभेंत उभे राहून ठराव करा: सेवेस वेतन, वेतनास कायदा, म्हातारपणीं पेन्शन. मान द्यावयास आम्ही गांवकरी समर्थ आहों. सरकारनें दाम द्यावा.