सामन्याच्या वेळेचाही हिशेब ठेवा

आंतरराष्ट्रीय ऑनलाइन बुद्धिबळ लीगमध्ये सामन्याची वेळ ठरवणे ही अजूनही आयोजकांच्या सोयीची बाब मानली जाते. पण या वेळेचा निकालावर थेट परिणाम होतो. प्रत्येकी ४५ मिनिटे आणि दर चालीला ४५ सेकंद जादा, अशा डावाचे उदाहरण घेता येईल. साठ चालींचा डाव झाला तर एका खेळाडूच्या वाट्याला नव्वद मिनिटे येतात, म्हणजे दोघांचे मिळून तीन तास. युरोपातील आयोजकाने असा सामना पॅरिसच्या घड्याळाने संध्याकाळी सातला ठेवला असे धरा. तिथे ती कामावरून परतून निवांत बसण्याची वेळ. उन्हाळ्यात त्याच क्षणी मुंबईत रात्रीचे साडेदहा आणि सिडनीत पहाटेचे तीन वाजलेले असतात. हिवाळ्यात पॅरिसचे घड्याळ एक तास मागे जाते, तेव्हा मुंबईचा खेळाडू साडेअकराला डाव सुरू करतो आणि अडीच वाजता उठतो. हत्ती-प्याद्यांचा अंतखेळ, जिथे एक चाल वाया गेली तरी जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो, तो त्याला नेमका झोप अनावर होण्याच्या घटकेला खेळावा लागतो. पॅरिसच्या खेळाडूचे तेव्हा दहाही वाजलेले नसतात.

बुद्धिबळाच्या नियमांना अशी असमानता मान्य नाही. पांढरी मोहरी घेणाऱ्याला पहिल्या चालीचा थोडा फायदा मिळतो, म्हणून समान गुणांच्या खेळाडूंना एकमेकांशी खेळवणाऱ्या स्विस पद्धतीच्या जोड्या लावताना रंगांचा काटेकोर हिशेब ठेवला जातो. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमानुसार, शेवटच्या फेरीतले काही अपवाद सोडले तर, एका खेळाडूच्या पांढऱ्या आणि काळ्या डावांतला फरक दोनपेक्षा जास्त होऊ देत नाहीत आणि सलग तिसऱ्यांदा एकच रंग देत नाहीत. एका चालीच्या फायद्यासाठी एवढी दक्षता घेणाऱ्या खेळाने मध्यरात्रीचा तोटा मोजूच नये, हे पटण्यासारखे नाही. अवेळी खेळलेला डाव प्रत्येक खेळाडूच्या आणि संघाच्या नावावर नोंदवला जावा आणि त्याची भरपाई पुढच्या फेऱ्यांत व्हावी.

यावरचा एक उपाय म्हणजे भूगोलानुसार गट पाडणे. प्रो चेस लीगने २०१७ मध्ये ४८ संघ पूर्व, मध्य, अटलांटिक आणि पॅसिफिक अशा चार विभागांत वाटले होते. ‘मुंबई मूव्हर्स’ हा संघ पूर्व विभागात खेळला. २०२० च्या फिडे ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्येही गट पाडताना देशांच्या प्रमाणवेळा विचारात घेतल्या होत्या. साखळी फेरीपुरता हा मार्ग चांगला आहे. बाद फेरी सुरू झाली, विभागांचे विजेते समोरासमोर आले, की अडचण पुन्हा उभी राहते, आणि नेमके तेच सामने सर्वांत महत्त्वाचे असतात.

त्याच ऑलिम्पियाडच्या अंतिम लढतीत एक मोलाचा पायंडा पडला. ३० ऑगस्ट २०२० रोजी इंटरनेट सेवेत जगभर बिघाड झाला आणि निहाल सरीन व नागपूरची दिव्या देशमुख या भारतीय खेळाडूंचे डाव सुरू असताना संपर्क तुटला. दोघांचेही घड्याळ संपले. फिडेच्या अध्यक्षांनी अखेर भारत आणि रशिया या दोघांनाही विजेते घोषित केले. पटाबाहेरच्या परिस्थितीने निकाल बिघडत असेल तर तो सुधारणे हे आयोजकाचे काम आहे, असा या निर्णयाचा अर्थ होतो. इंटरनेटचा बिघाड आधी सांगता येत नाही. सिडनीत पहाटेचे तीन कधी वाजतात हे मात्र वर्षभर आधी माहीत असते, म्हणून तिथे आयोजकाची जबाबदारी अधिक आहे.

दुसरा मार्ग म्हणजे वेळ खेळाडूंवर सोपवणे. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरची ‘लिचेस ४५४५’ ही सांघिक लीग याच पद्धतीने चालते. जोड्या जाहीर होतात आणि प्रतिस्पर्धी आपसात बोलून वेळ ठरवतात. यात मोकळीक आहे, पण सर्वांना ती सारखी मिळत नाही. सकाळी आठ ते रात्री अकरा हा जागेपणाचा काळ धरला, तर मुंबई आणि लॉस एंजेलिस यांच्यात उन्हाळ्यात साडेबारा तासांचे अंतर असल्यामुळे तीन तासांचा डाव भारतात सकाळी आठ ते साडेआठ याच अर्ध्या तासात सुरू करता येतो. शाळा-नोकरीच्या दिवशी तेही शक्य नसते. उरतात शनिवार-रविवारच्या दोन सकाळी. लंडनच्या प्रतिस्पर्ध्यासाठी तोच मुंबईकर दुपारपासून मोकळा असतो. अशा अरुंद फटीत जो आधी उत्तर देतो, जो भिडस्त असतो, तोच पहाटेचा गजर लावून बसतो. उत्तर लांबवणाऱ्याला मनासारखी वेळ मिळते. वेळ जमलीच नाही तर गुण संघाचा बुडतो.

घड्याळबदलाने गोंधळात भर पडते. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी लागू होते, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि पॅरिस यांच्यातले अंतर सहाऐवजी पाच तासांचे असते. भारतात घड्याळ हलत नाही, त्यामुळे इथला खेळाडू एक तास चुकीच्या वेळी हजर होण्याचा धोका खरा आहे. घड्याळांची दुफळी मुंबईला नवी नाही. भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ शहराने १९५५ पर्यंत जपली होती. लीगने मात्र प्रत्येक सामना जागतिक प्रमाणवेळेत जाहीर करून शेजारी दोन्ही खेळाडूंची स्थानिक वेळ तारखेसह छापावी. मुंबईची रविवार सकाळ ही लॉस एंजेलिसची शनिवार संध्याकाळ असते, म्हणून तारीख अत्यावश्यक.

नियम असे करता येतील. डाव संपेपर्यंतचा सगळा वेळ सकाळी आठ ते रात्री अकराच्या आत बसला नाही तर तो डाव अवेळी धरावा. रंगांप्रमाणेच इथेही कोणत्याही दोन खेळाडूंच्या अवेळी डावांतला फरक दोनपेक्षा जास्त होऊ नये आणि सलग तिसरा अवेळी डाव कोणालाही देऊ नये. आपसात ठरवताना दोघांनी तीन-तीन वेळा सुचवाव्यात, त्यांतली किमान एक समोरच्याच्या जागेपणात बसणारी हवी. एकमत झाले नाही, तर ज्याच्या नावावर अवेळी डाव कमी आहेत त्याने या वेळी तडजोड करावी. शालेय वयाच्या खेळाडूंना तर रात्री दहानंतर बसवूच नये. भारतीय संघांत अशी मुले बरीच असतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना शाळेत जायचे असते.

प्रेक्षक युरोप-अमेरिकेत अधिक, म्हणून वेळ तिकडची, असा आक्षेप येतो. थेट प्रक्षेपणाच्या अंतिम लढतीपुरता तो समजून घेता येईल, तेही वेळ हंगामाआधी जाहीर केली तर. साप्ताहिक फेऱ्यांचे बहुसंख्य डाव कोणी थेट पाहत नाही. तिथे या आक्षेपाला आधार उरत नाही. नोंदणीच्या अर्जात खेळाडूचे शहर विचारता येते, आणि रंगांचा हिशेब ठेवणाऱ्या तक्त्यात अवेळी डावांचा आणखी एक रकाना पहिल्या फेरीच्या जोड्या लावण्यापूर्वीच घालता येतो.

— एक वाचक, नाशिक