संमतीचा अंगठा

न्यायालयांनी आणि चळवळ्यांनी या देशातील औषधसंशोधनाचा गळा घोटला, अशी तक्रार वैद्यकवर्गात गेली दहाबारा वर्षे ऐकू येते. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव तिच्यात हटकून निघते. कारण २०१२ साली स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात जी याचिका केली, तिच्यामागे त्या महाविद्यालयाशी आणि त्याच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाशी निगडित औषधचाचण्यांचे प्रकरण होते. ही तक्रार आम्हांस साफ अमान्य आहे.

गळा घोटावयास आधी जिवंत संशोधन असावे लागते. औषधकंपनीच्या चाचणीत प्रश्न कंपनीचा, आराखडा तिचा, निष्कर्षांवर मालकीही तिचीच. महाविद्यालयाने पुरवावयाचे ते रोगी! धार, झाबुआ, बडवानीहून दोन वेळच्या भाकरीची भ्रांत असलेला माणूस 'एम. वाय.'च्या दारी येतो, तो डॉक्टरांना देव मानून. त्याच्यापुढे कागद सरकवून घेतलेली सही ही कराराच्या कायद्यातही संमती ठरणे कठीण. मग देहाच्या बाबतीत ती कशी ठरावी? आपले माणूस चाचणीत होते हेच ठाऊक नव्हते, असे काही रुग्णांच्या नातलगांनी पुढे सांगितले. आणि शिक्षा? मागितलेली माहिती दिली नाही म्हणून राज्य सरकारने काही डॉक्टरांना प्रत्येकी ५,००० रुपये दंड केला. एवढ्यावर प्रकरण आटोपले असते, तर न्यायालयापर्यंत जावे लागलेच नसते.

२०१३ साली न्यायालयाने सरकारचे कान उपटले, आणि संमती घेतानाचे दृक्‌श्राव्य मुद्रण बंधनकारक झाले. २०१५ साली ते सैल करून मुख्यतः दुर्बल गटांतील व्यक्तींवरील नव्या रसायनांच्या चाचण्यांपुरते ठेवण्यात आले. २०१९ च्या नियमांनी नीतिसमितीत किमान सात सदस्य, त्यांत निम्मे बाहेरचे, एक स्त्री, एक सामान्य नागरिक व एक कायदेतज्ज्ञ सांगितला. त्या खुर्चीवर बसणारा आमचा व्यवसायबंधू संमतिपत्राचे हिंदी वाचून ते निमाडी वा भिली बोलणाऱ्यास कळेल काय, एवढे तरी विचारतो का? एका अंकात दोन भाषा वाचणाऱ्या आमच्या वाचकांस या प्रश्नाचे मोल समजावून सांगावयास नको.

संशोधन इंदूरला परके नाही. १९२४ साली होळकर संस्थानने दिलेल्या जमिनीवर अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पतिसंशोधनाची संस्था उभारली. शेतातला पालापाचोळा आणि गुरांचे शेण यांपासून खत करण्याची त्यांची रीत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. त्यांनी विचारलेला प्रश्न बांधावरचा होता. म्हणूनच त्याचे उत्तर जगाच्या उपयोगी पडले.

आज त्याच प्रदेशात असे प्रश्न वाट पाहत उभे आहेत. झाबुआ-अलिराजपूरचे आदिवासी मजूर गुजरातेत गारगोटीची पूड करणाऱ्या कारखान्यांत गेले आणि सिलिकोसिसने फुफ्फुसे गमावून परतले. भिल्ल वस्त्यांत सिकलसेल आहे, पाण्यात फ्लोराइड आहे. या रोग्यांमागे कोणतीही कंपनी थैली घेऊन धावत नाही. ज्यांना न्यायालयाने संशोधनापासून तोडल्याचे दुःख आहे, त्यांना या कामास कोणता न्यायाधीश आडवा आला? अडचण असेल ती पैशाची आणि वेळेची. ती सरकारने दूर करावी, आणि त्यासाठी महाविद्यालयानेच दार ठोठावावे. दरम्यान नीतिसमितीने मंजूर केलेल्या प्रत्येक चाचणीचे नाव, पैसे पुरवणारा आणि तक्रार कोठे करावी हे 'एम. वाय.'च्या बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर, रोग्यांना कळेल अशा भाषेत लावावे. जे तेथे लावण्यास संकोच वाटेल, त्यावर समितीने सही करू नये.