धूर कोणाचा, ते तीस दिवसांत सांगा

सांगली-मिरज-कुपवाड महापालिका, सातारा नगरपरिषद आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची दोन्ही जिल्ह्यांतली कार्यालये यांना हा जाहीर इशारा आहे. विनंत्या करून झाल्या.

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला. हवा मानकांत न बसणाऱ्या महाराष्ट्रातल्या 19 शहरांत सांगली आहे. धूर-धूळ कुठून येते ते शोधणे हा या कार्यक्रमाचा पाया. तो अभ्यास झाला असेल तर अहवाल मराठीत, प्रभागवार जाहीर करा. झाला नसेल तर तसे सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. ‘काम प्रगतिपथावर आहे’ हे उत्तर आम्ही ग्राह्य धरणार नाही.

हवा मोजण्याच्या, हाताने चालवायच्या केंद्रांवर यंत्रात पांढरा गाळणकागद घालतात आणि काही तासांनी काळवंडलेला काढून तोलतात. वजनावरून धूळ किती ते कळते, कोणाची ते नाही. त्याच कागदाची रासायनिक तपासणी केली तर माग लागतो. पोटॅशियम चढले की पाचट, लाकूड, बगॅस (उसाचा चोथा) यांवर संशय जातो. काळा कार्बन डिझेलकडे बोट दाखवतो, सिलिकॉन आणि कॅल्शियम रस्ता-बांधकामाकडे, तर क्लोराइड जळत्या प्लास्टिककडे. एकट्या खुणेवर निकाल लागत नाही, सगळ्यांचा ताळा जमवावा लागतो. पण हे काम म्हणजे काही नवल नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2010 च्या सहा शहरांच्या अभ्यासात पुण्याचा भाग ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) या संस्थेने करून दाखवला आहे.

माग न काढता पैसा गेला की काय होते? सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट (सीएसई) या संस्थेने 2024 मध्ये देशभराचा हिशेब मांडला. या कार्यक्रमाच्या खर्चातला सुमारे 64 टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीवर गेला, उद्योगांवर एक टक्काही नाही. रस्ता झाडताना फोटो चांगला येतो, धुराड्यावर चढून येत नाही.

साताऱ्याचे नाव त्या 19 शहरांच्या यादीत नाही म्हणून तिथल्या साहेबांनी हात झटकू नयेत. सोनगावच्या कचरा डेपोतला धूर आणि शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाची धूळ यादी बघून थांबत नाहीत.

पाचट पेटवणारा शेतकरी सगळ्यांना आयता सापडतो. पाचट जाळू नयेच, खोडव्याच्या सरीत कुजवावे. पण कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतले रात्रीचे धुराडे, वीटभट्टी आणि पहाटे कोपऱ्यावर पेटवलेला पालापाचोळा यांचा वाटा मोजल्याशिवाय सगळे पाप त्याच्या माथी मारू देणार नाही.

उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठा ढीग जाळणाऱ्याला 25,000 रुपये दंड राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्येच ठरवला. प्रत्येक प्रभागात किती पावत्या फाडल्या, तो आकडाही द्या. शून्य असेल तर शून्य लिहा.

मुदत 30 दिवस. एकतिसाव्या दिवशी प्रत्येक कार्यालयात माहिती अधिकाराचे अर्ज पडतील: कोणत्या कारखान्याला कोणती संमती, बॉयलरला धूळरोधक यंत्रणा आहे का, शेवटची तपासणी कधी. उत्तर टाळले तर अपील करू आणि मग पुण्यातल्या हरित लवादाच्या खंडपीठात जाऊ. मसुदा तयार आहे. प्रतिवादींची पदनामे घातली आहेत, तारखेची जागा तेवढी मोकळी आहे.