शून्याचे घर

दिवाळीत जुगार खेळला नाही तर पुढचा जन्म गाढवाचा मिळतो, असे सांगणारे आमच्या जळगावात पुष्कळ भेटतात. पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात, हा त्यांचा शास्त्राधार! चार मित्र पत्ते कुटतात त्यांच्याशी माझे फारसे भांडण नाही. तिथे एकाचे गेलेले दुसऱ्याच्या खिशात तरी पडते. माझे भांडण आहे ते रुलेटशी, आणि त्याहून अधिक, त्याला 'नशिबाचा खेळ' म्हणणाऱ्यांशी.

गेल्या दिवाळीत धुळ्याहून भाचा आला. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर एक रात्र काढून आलेला. मुलांसाठी त्याने खेळण्यातले रुलेट आणले होते. एक फिरते तबक, त्यात 37 घरे. 1 ते 36 निम्मी लाल, निम्मी काळी, आणि एक हिरवे शून्य. तबक एका दिशेला फिरवायचे, गोळी उलट दिशेला सोडायची, ती विसावेल तो आकडा. आपल्या आकड्यावर आली तर लावलेला रुपया परत, वर 35. आम्ही शेंगदाणे लावून खेळलो. बँक माझ्याकडे होती. जेवणाच्या वेळेला बहुतेक शेंगदाणे माझ्या ताटात!

"मामा, तुमचं नशीब जोरावर आहे," भाचा म्हणाला.

नशीब कसले? 37 घरांवर एकेक रुपया लावून पाहा. जातील 37, येतील 36. म्हणजे शंभराला सरासरी दोन रुपये सत्तर पैसे बँकेचे. बाजार समितीत कोणी क्विंटलमागे पावणेतीन किलो कडता कापू लागला, तर आमचा शेतकरी लिलाव बंद पाडील. तोच गृहस्थ रुलेटपुढे हा कडता हसत हसत देतो, आणि एकदा नव्हे, दर फेरीला! अमेरिकी तबकात तर शून्ये दोन. तिथे कडता सव्वापाचांच्या वर.

यावर हुशार मंडळी म्हणतात, लाल-काळ्यावर लावा, हरलात की दुप्पट करा. ठीक. दहा रुपयांपासून आरंभ करा. ओळीने दहा वेळा हरलात की 10,230 रुपये गेले. अकराव्या डावाला 10,240 हवेत. तो जिंकलात तर एकूण नफा किती? दहा रुपये! 1913 साली माँटे कार्लोला काळे ओळीने 26 वेळा आले. 'आता लालच येणार' म्हणत लोक पैसे ओतीत राहिले. (लालच, हा शब्द त्यांनी बरोबरच वापरला म्हणायचा.) गोळीला मागचे काही आठवत नसते.

दुसरे शहाणे सरकारी उत्पन्नाचे गाणे गातात. गोव्याने 1992 साली कायदा बदलून हे दार उघडले. महाराष्ट्रानेही 1976 साली कॅसिनोचा कायदा केला होता. तो अमलात कधी आलाच नाही, आणि 2023 साली सरकारने तो रद्द करायचे ठरवले. उत्तम केले! तो कर शेवटी त्या कडत्यातूनच यायचा ना?

पण कायद्याने सारे भागले असते तर मी लेखणी उचलली नसती. माघात अक्काचा धुळ्याहून फोन आला. कापसाचे आलेले पैसे भाच्याने मोबाइलवरच्या चक्रीत घालवले होते. तिथे तबक नाही, गोळी नाही, नुसते काचेवरचे चित्र! ते कोण फिरवतो, कसे फिरवतो, देव जाणे. 2025 च्या ऑगस्टात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. अक्काचा कापूस त्याने परत येत नाही.

या पाडव्याला तो पुन्हा येतो आहे. अक्का म्हणते, "ते खेळणं माळ्यावर टाक, त्याच्या दृष्टीला नको." मी ऐकणार नाही. तबक बैठकीतच मांडणार आहे. शेंगदाणे भाजून ठेवले आहेत, मुलांना हिशेबाची वही दिली आहे. यंदा बँक त्याच्याकडे.